नागावच्या वाळूवरचं विमान

पलटणीतून पेन्शनवर घरी आलो त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा कॅप्टन दिघ्यांचं कार्ड आलं. दोन ओळी होत्या. ‘विमान घेतलं आहे. फिटर पाहिजे. नागावला ये.’ चौथ्या दिवशी मी बोर्ली पंचतनहून निघालो आणि पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांच्या वाडीत हजर झालो. हे एकोणीसशे तीसच्या आगेमागे. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं.

दिघे साहेब पलटणीचे डॉक्टर. चौदा सालच्या लढाईत मी बसऱ्याला विमानांच्या डेपोत फिटर होतो, हुद्दा नायक. एकदा इंजिन चालू करताना माझा उजवा हात प्रॉपेलरमध्ये सापडला. दुसरा डॉक्टर हात मनगटापासून काढायचा म्हणत होता. दिघे साहेबांनी तीन तास बसून तो शिवला. दोन बोटं आजही वाकत नाहीत, पण हात आहे. लढाई संपल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि नागावला दवाखाना काढला. मी पुढे हवालदार झालो. मधल्या काळात ते मुंबईला जाऊन विमान चालवायला शिकले होते. मला हे ठाऊक नव्हतं.

विमान सेकंडहँड होतं. पंखांची जोडी, एक वर एक खाली. एकामागे एक दोन उघड्या सीटा. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर रोगण. पंख मागे दुमडले की ते गाडीच्या शेडमध्ये मावायचं. शेड माडाच्या झापांची होती. उडायचं असलं की शेजारच्या नानू भगताचे बैल जुंपून आम्ही ते सुरूच्या बनातून ओढत किनाऱ्यावर आणायचो. ओहोटीला नागावची वाळू सडकेसारखी घट्ट होते. पूर्ण ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, एवढाच आमचा एरोड्रोम.

लोकांना वाटायचं, डॉक्टरांची हौस. हौस होतीच. पण अलिबागहून श्रीवर्धनला जायचं तर तेव्हा दोन खाड्या ओलांडाव्या लागत, आणि होडी, बैलगाडी आणि पाय मिळून दोन दिवस मोडत. विमानाला पाऊण तास पुरायचा. हरिहरेश्वरला साप चावलेला एक गुरव आणि दिवेआगरला अडलेली एक बाई, ही दोन माणसं केवळ त्या पाऊण तासामुळे वाचली. दोन्ही वेळा मी पुढच्या सीटवर होतो, औषधांची पेटी मांडीवर घेऊन.

सगळ्यात जास्त नुकसान खाऱ्या हवेने व्हायचं. लोखंड एका आठवड्यात लाल पडायचं. रोज संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने मी सगळं विमान पुसून काढायचो. पंखांमधल्या तारांना ग्रीस लावायचो. पेट्रोल चामड्यातून गाळून टाकीत ओतायचो, पाण्याचा एक थेंब जाता कामा नये. शनिवारी इंजिनाचे प्लग, मॅग्नेटो, व्हॉल्व्ह. कापड फाटलं तर टाके बाईसाहेब घालायच्या, म्हणजे दिघे साहेबांच्या पत्नी. माझी बोटं त्या कामाची नव्हती. त्यांचा टाका बारीक आणि सरळ असे. मग मी वर ठिगळ लावून रोगण फिरवायचो. झालेलं काम लॉगबुकात लिहून सही करायचो. साहेब सही वाचल्याशिवाय विमानात बसत नसत.

अशी तीन वर्षं गेली.

त्या वर्षी भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. आदल्या दुपारी अचानक वारा फिरला आणि समुद्र उठला. कोळीवाड्यातले मासेमारीचे मचवे बाहेर होते. संध्याकाळपर्यंत एक एक करून पाच परत आले. सहावा, पोशा तांडेलाचा, आला नाही; तांडेल म्हणजे मचव्याचा म्होरक्या. त्यावर आठ माणसं होती.

सकाळी पावणेसहाला पोशाची बायको हिरा वाडीत आली. बरोबर चार बाया होत्या. साहेब पायरीवर चहा घेत होते.

“डाक्तर, वरसून दिसंल ना तुमाला?”

“वारा कुठला होता काल?”

“खालचा, दर्याकडला. मंग पलटला.”

साहेबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “म्हात्रे, ओहोटी?”

“पूर्ण साडेआठला, सर.”

“पेट्रोल?”

“पावणेचार तासांचं. मुंबईहून डबे परवा येणार.”

“विमान बाहेर काढ.”

सहा पंचविसाला आम्ही उडालो. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, पण खाली लाटा मोठ्या होत्या. कोर्लईचा किल्ला डाव्या हाताला टाकून आम्ही पश्चिमेकडे वळलो. साहेबांनी पट्टे आखल्यासारखं विमान चालवलं, तीन मैल पुढे, अर्धा मैल बाजूला, तीन मैल मागे. विमानात बोलायला रबरी नळी होती. तिच्यातून आवाज विहिरीतून आल्यासारखा येई.

“काही?”

“नाही, सर.”

“डावीकडे बघ.”

सात वाजून आठ मिनिटांनी मला मचवा दिसला. डोलकाठी मोडलेली. मचवा एका कुशीवर कलंडला होता आणि माणसं वरच्या कडेला धरून होती. मी दोनदा मोजली.

“सहा आहेत, सर.”

विमान मचव्यावरून एक फेरी फिरलं. मग साहेब म्हणाले, “पुन्हा मोज.”

“सहाच.”

आम्ही अलिबागच्या बंदराकडे गेलो. तिथे सरकारी लाँच उभी होती. मी चिठ्ठी लिहिली: ‘मचवा बुडतो आहे. कोर्लईच्या पश्चिमेस बारा मैल. माणसं सहा.’ चिठ्ठी वाळूच्या पिशवीत घातली, पिशवीला लाल कापडाची शेपटी होती. साहेबांनी विमान माडांच्या उंचीवर आणलं आणि मी पिशवी धक्क्यावर टाकली. एका खलाशाने ती उचलून हात हलवला. सात पस्तिसाला आम्ही नागावला उतरलो.

लाँचमध्ये वाफ धरायला वेळ लागला. साडेआठला ती निघाल्याचं बंदरावरून सायकलवर आलेल्या माणसाने सांगितलं. साहेब वाळूवरच बसून होते. नऊ वाजता ते उठले.

“लाँचवरून त्यांना तो मचवा दिसणार नाही. लाटा फार आहेत. आणि तो आतापर्यंत वाहत गेला असेल. कोणीतरी वर पाहिजे.”

“पेट्रोल अडीच तासांचं उरलंय, सर.”

“माहीत आहे.”

“अकराच्या पुढे इथे वाळू राहणार नाही.”

“तेही माहीत आहे. तू खाली राहा. घट्ट वाळू कुठे आहे ते बघून पांढरं कापड अंथर. पाणी चढेल तसं कापड वर घे. मी ते बघून उतरेन.”

“एकट्याने—”

“तुझं वजन म्हणजे दहा मिनिटांचं पेट्रोल. ऑर्डर आहे, हवालदार.”

मी लॉगबुकात सही केली. त्यांनी वाचली. ते मागच्या सीटवर बसले आणि पट्टे बांधले. खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन. चारही एका पिनेत अडकायचे. पिन ओढली की सगळे एकदम सुटायचे.

“स्विच ऑफ.”

“स्विच ऑफ, सर.”

मी प्रॉपेलर चारदा फिरवला.

“कॉन्टॅक्ट.”

“कॉन्टॅक्ट.”

पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. नऊ बत्तीस.

बाईसाहेब घरातून चादरी घेऊन आल्या. हिरा, इतर बाया, नानू भगत आणि परत आलेले कोळी होतेच. आम्ही चादरी ओळीत अंथरल्या आणि कडांवर दगड ठेवले. साडेदहाला पाण्याने पहिली चादर भिजवली. आम्ही सगळ्या वर घेतल्या. अकराला पुन्हा. साडेअकराला पाणी आणि सुरूंच्या खालची भुसभुशीत वाळू यांच्यामध्ये घट्ट पट्टा उरला तो बैलगाडीच्या दुप्पट रुंदीचा, तोही उताराचा. मी त्यावर चालून पाहिलं. टाच रुतत होती. दुसरी जागा नव्हती.

बारा वाजून तीन मिनिटांनी विमान दक्षिणेकडून आलं. आवाज नव्हता. प्रॉपेलर उभा राहिलेला दिसला तेव्हा मी समजलो की टाकी रिकामी झाली आहे. साहेबांनी फार चांगलं उतरवलं. दोन्ही चाकं चादरींच्या ओळीत टेकली, विमान साठ-सत्तर पावलं सरळ धावलं. मग एक लाट वर चढली आणि डावं चाक तिच्यात गेलं. शेपूट वर आली. विमान समुद्राच्या बाजूला उलटं पडलं.

पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं. साहेब पट्ट्यांना उलटे लटकलेले होते आणि डोकं पाण्याखाली होतं. मी खाली हात घालून पिन ओढली. ती आली नाही. माझ्या हाताला जोर कमी म्हणून नानू भगताने ओढली. त्यालाही आली नाही. बायांनी आणि कोळ्यांनी शेपूट धरून विमान उचलायचा प्रयत्न केला, पण वरचा पंख वाळूत रुतला होता आणि प्रत्येक लाट ते पुन्हा दाबत होती. साहेबांचा हात एकदा माझ्या मनगटाला लागला. त्यांनी धरलं आणि थोड्या वेळाने सोडलं. भगताचा भाऊ वाडीतून कोयता घेऊन धावत आला. मी पट्टे कापले.

उलटल्यापासून कापेपर्यंत अकरा मिनिटं. घड्याळ माझ्या डाव्या मनगटावर होतं आणि चालू होतं.

आम्ही त्यांना सुरूंखाली निजवलं. पोटातलं पाणी काढलं, छाती दाबली, जे जे त्यांनीच मला शिकवलं होतं ते सगळं केलं. एक वाजता बाईसाहेब म्हणाल्या, “पुरे, म्हात्रे.”

नंतर त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. “किती वेळ लागला त्यांना?”

“एक मिनिट,” मी म्हणालो. “पडतानाच शुद्ध गेली होती.”

नोकरीत आणि नोकरीबाहेर मी वेळ कधी चुकीची सांगितलेली नाही. ती एकदाच.

ओहोटीला आम्ही विमान बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी मी पिन तपासली. तिच्या स्प्रिंगमध्ये गंज होता; वजन नसताना ती निघत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी इंजिन पुसलं, तारा पुसल्या, चाकांना ग्रीस दिलं, पण त्या पिनेला कित्येक आठवडे तेल दिलं नव्हतं. पुढच्या सीटची पिन मी स्वतः वापरायचो, तिला तेल दिलेलं होतं, ती साफ होती. चौकशीला अलिबागहून अधिकारी आले तेव्हा मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ‘भरतीमुळे अपघात’ असं लिहिलं. मी म्हणालो, “साहेब, पिनेचंही लिहा.” ते म्हणाले, “सगळं वजन तिच्यावर आलेलं. तेल असतं तरी निघाली असती असं सांगता येत नाही.” ते खरं असेल. मला ते आजवर पटलेलं नाही.

लाँच त्या दिवशी दुपारी तीनला सहा माणसं घेऊन बंदराला लागली. पोशा तांडेल त्यांत होता.

तेराव्याला तो वाडीत आला. अंगात ताप होता, काठी टेकत आला. पायरीवर बस म्हटलं तरी बसला नाही. बाईसाहेब दारात उभ्या होत्या. तो खाली बघूनच बोलला.

“लाँच आमाला दिसत नव्हती आणि आमी लाँचला. डाक्तर दोघांच्या मधी फेऱ्या मारीत व्हते. तिकडं जायाचे, परत आमच्यावर यायचे. आमाला वाटलं, आता जातील. सूर्य पार डोक्यावर आला व्हता. न्हाय गेले. लाँचचा धूर दिसला तवा ते लय खाली आले. इंजिनाचा आवाज कमी केला आणि वाकून वरडले.”

“काय ओरडले?” बाईसाहेबांनी विचारलं.

“‘आली, पोशा.’ येवढंच. मंग गेले.”

बाईसाहेबांनी मान हलवली आणि आत गेल्या. मी पोशाबरोबर फाटकापर्यंत गेलो. मचव्यावरून अकराला निघाले असते तर साहेबांना इथे उतरता आलं असतं, नाहीतर मुंबई गाठता आली असती, हा हिशेब मी तोवर रोज करत होतो. त्या दिवसानंतर केला नाही. त्यांना भरतीची वेळ माझ्याइतकीच ठाऊक होती.

मी आणखी दोन महिने नागावला राहिलो. विमानाचं जे वाचलं ते खोलून, पुसून, पेट्यांत भरलं. इंजिनात दोष नव्हता. मग बोर्लीला परत आलो.

त्या दोन दिवसांत आमची तीन माणसं गेली. धाकू नाखवा, पोशाचा मेहुणा, मचवा कलंडला तेव्हा पहिल्याच लाटेत गेला. त्याचं शरीर मिळालं नाही. मचव्यावरचा हरी डोलकाठीखाली चिरडला, त्याचं शरीर काशीदच्या किनाऱ्याला लागलं. आणि कॅप्टन दिघे. पलटणीत आम्ही मेलेल्यांची नावं हुद्द्याप्रमाणे वाचायचो. ही तीन नावं मी ते गेले त्या क्रमाने म्हणतो, दर वर्षी भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी, उभा राहून.