चौसष्ट सेंटिमीटरचा वीर

वीर नेहमी एकटा असतो. सुरतेतल्या आमच्या कापड छापायच्या मिलच्या तपासणी टेबलावर तो दर चौसष्ट सेंटिमीटरला येत होता.

नीनो त्या कापडाकडे बघत उभी होती. ती जॉर्जियाची. तिचे वडील तिकडे डोंगरातल्या गावात बाहुल्यांचा खेळ करत. ते गेल्यावर थिएटर बंद पडलं. ते तिला पुन्हा उघडायचं होतं आणि त्यासाठी पडदा हवा होता. पडद्यावर त्यांच्या लोककथेतला वीर. देवाशी ताकद आजमावायला गेला आणि कॉकेशसच्या डोंगराला साखळीने बांधला गेला. सोबतीला एक कुत्रा. तो साखळी चाटून चाटून झिजवतो. ती तुटायला आली की गावोगावचे लोहार ऐरणीवर घाव घालतात आणि साखळी पुन्हा जाड होते. हे दरवर्षी.

चित्र मी काढलं होतं. मधोमध वीर, पायाशी कुत्रा, बाकी उघडा डोंगर. पण रोटरी मशीनमध्ये जाळीचा नळा फिरतो. त्याच्या एका फेऱ्यात, म्हणजे चौसष्ट सेंटिमीटरात, बसेल तेवढंच चित्र पुन्हा पुन्हा छापलं जातं. याला रिपीट म्हणतात. शिवाय सुरतेत मोकळी जागा म्हणजे कामचुकारपणा. साडीवर बोटभर जागा उरली तरी तिथे बुट्टी बसते. आमचे मालक मनसुखभाई यांनी मला न विचारता वीर लहान करून रिपीटला लावला होता.

मी त्यांना म्हटलं, एकच हवा होता.

"पाटीलभाई, एकलो माणस सारो नथी लागतो. मॅडमला सांगा, एकटा बरा दिसत नव्हता, कंपनी दिली त्याला."

मी सांगितलं. ती हसली नाही.

"शेवटी शेवटी बाबा रिकाम्या खुर्च्यांपुढे हाच खेळ करायचे," ती म्हणाली. "याला गर्दी नको."

दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. सॅम्पलसाठीचं डिजिटल मशीन घरच्या प्रिंटरसारखं चालतं, त्याला रिपीट लागत नाही. फक्त कापडाची रुंदी, पन्हा, कमी. मी रात्रीच त्यावर चित्र दोन भागांत छापलं आणि जोड डोंगराच्या कड्यात लपवला. नीनो गुंडाळी खांद्यावर टाकून गेली.

पुढे फोटो आला. पडदा, आणि समोर दहा-बारा माणसं. कुत्रा सगळ्यांना आवडला, असं तिने खाली लिहिलं होतं. फोटो कुणाला दाखवावा ते मला बराच वेळ सुचेना. मुलगी पुण्याला, तिच्या कामात. बायको जाऊन आता वर्षं झाली. शेवटी मनसुखभाईंना दाखवला.

"जग्या बहु खाली छे," ते पडद्यावरच्या मोकळ्या डोंगराकडे बोट करून म्हणाले.

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी चित्रात कोण हवं ते विचारतोच, कोण नको तेही विचारतो.

रोटरीवरचं कापड सुरतेतल्याच गोडादऱ्यात पडद्यांच्या दुकानात गेलं. डिंडोलीत माझ्या घरच्या खिडकीला तेच आहे. एकाखाली एक तीन वीर, तीन कुत्रे. खाली कापड संपलं, त्यामुळे चौथ्याची नुसती साखळी आली आहे.