टेकल्यावर हात जोडा

हे मी बरीच वर्षं टाळलं. गणपती जवळ आले की आमच्या नेरळच्या सोसायटीत ती गोष्ट कुणीतरी हमखास काढतं. मी मान खाली घालून ऐकतो आणि लोक त्याला माझा विनय समजतात. आता वय झालं. खरं काय घडलं ते सांगून टाकतो.

"टेकू द्या, मंग बोला." हे दोराने वजनं उतरवणाऱ्या त्या गड्याचं पालुपद. जुनी टाकी, सोलरचा बंब, जिन्यात न मावणारं शिसवी कपाट, गच्चीवरून काहीही उतरवायचं असलं की कर्जतपासून खालापूरपर्यंत त्यालाच बोलावणं जायचं. खांबाला दोराचे वेढे देऊन तो वजन हळूहळू सोडायचा. खाली एकाने दुसरा दोर ताणून धरायचा, म्हणजे वजन भिंतीवर आपटत नाही. त्याला तो लगाम म्हणायचा. अर्ध्यावर कुणी "वा" म्हटलं तर वरून शिवी यायची. वजन टेकल्यावर मात्र तासभर स्वतःचं कौतुक. "हत्ती असता ना, तोबी उतरवला असता. झोपमोड न करता."

पार्किंगमध्ये पाणी साचतं म्हणून एका वर्षी गणपती गच्चीवर बसवायचं ठरलं. सेक्रेटरी मी, कल्पनाही माझीच. मूर्ती जिन्याच्या वळणात अडली, तेव्हा त्यानेच ती दोराने वर घेतली. लगाम मीच धरला होता. मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता, त्यामुळे आम्हाला ते नुसतं ओझंच वाटलं. काम बिनबोभाट झालं.

विसर्जनाच्या दिवशी त्याने विचारलं, "सेक्रेटरी, तोंड झाकू का?"

"निघालेल्या देवाचं तोंड कुणी झाकतं का रे?"

"देवासाठी नाय, तुमच्यासाठी. लगाम परत तुमीच धरनार ना? मंग टेकल्याबिगर हात जोडायचे नाय."

मूर्ती दुसऱ्या मजल्याशी आली. ताशा वाजत होता. ते डोळे थेट माझ्याकडे बघत होते. सगळे "मोरया" म्हणाले आणि माझे हात जोडले गेले. दोन्ही.

लगाम सुटला. मूर्तीने झोका घेतला, वरचा दोर सरकन घसरला, आणि बाल्कनीच्या ग्रिलपासून वीतभर अलीकडे सगळं थांबलं. का थांबलं? दोर आणि खांब यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला होता. पण वर कोण बघतंय? खाली सगळे माझ्याकडे बघत होते. "सेक्रेटरींनी हात जोडले म्हणून देव थांबला," असं पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आणि तेच ठरलं.

उरलेलं वजन त्याने डाव्या हाताने, गच्चीवरच्या जोडीदाराला मदतीला घेऊन टेकवलं. मग तो खाली आला. उजव्या हाताला गुंडाळलेला पंचा लाल झाला होता. डावा हात त्याने मूर्तीच्या पायांना लावला.

"एका हाताने नमस्कार? आणि तोंडात तंबाखू," कुणीतरी म्हणालं. "झोका जाणार नाही तर काय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू." संध्याकाळी मला शाल मिळाली.

सोसायट्यांचे सेक्रेटरी एकमेकांशी फार बोलतात. "देवाला झोका दिला तोच ना?" असं करत करत त्याची बोलावणी थांबली. तशीही त्याची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. तो खालापूरकडे एका फार्महाउसच्या फाटकावर राखणदार झाला.

तिथे मी एकदा गेलो. सगळं मनात जुळवून नेलं होतं. डाव्या हाताने फाटक ढकलत तो हसला.

"अरे, त्या दिवशी..." मी सुरुवात केली आणि माझे हात छातीशी आले.

"ओ सेक्रेटरी, हात खाली. तुमी हात जोडले की माजं काम वाढतं."

तो मनापासून हसला. मीही हसलो. चहा झाला. त्याने हत्तीचं पुन्हा सांगितलं.

आता तो नाही. ते फाटक बटणावर उघडतं. लोक विचारतील, दोन शब्द बोलायला काय हरकत होती? हरकत काही नव्हती. पण आम्हा लोकांना माफी मागायची तर आधी हात जोडावे लागतात, आणि त्याच्यासमोर ते मला दुसऱ्यांदा जमलं नाही.