दहापैकी दहा

झेंडूचा वास आला की मला लाल पेन आठवतं. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमची संस्था नाशिकच्या शाळांमधून अहिंसा आणि शांतता या विषयाची परीक्षा घ्यायची, आणि प्रश्नपत्रिका काढायचे, पेपर तपासायचे ते मीच. 'तुमच्या घरातलं अहिंसेचं एक उदाहरण लिहा' या प्रश्नाला सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'माझी आई. बाबांनी कितीही मारलं तरी ती उलट हात उचलत नाही. सकाळी त्यांना हसून चहा देते.' मला भरून आलं. मी दहापैकी दहा दिले, आणि बक्षीस समारंभात, गंगापूर रोडवरच्या भरल्या हॉलमध्ये, ते उत्तर माइकवरून वाचूनही दाखवलं. टाळ्या पडल्या. मुलीचे आईवडील फुलं पिकवणारे. हारांसाठी टोपलीभर झेंडू घेऊन आले होते आणि तिसऱ्या रांगेत बसले होते. वडील टाळ्या वाजवत नव्हते, मुलीकडं बघत होते. कार्यक्रम संपल्यावर आई रिकामी टोपली घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आजचा दिवस पोरीला तुमच्याकडं ठेवून घेता का?" मी हसले. "अहो, आज तिच्या कौतुकाचा दिवस. घरी न्या तिला." दारातून वडील म्हणाले, "चला. लय झालं कवतिक." मुलगी प्रमाणपत्र छातीशी धरून त्यांच्यामागं निघाली. पुढच्या वर्षी परीक्षेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी शाळेत चौकशी केली नाही. प्रश्नपत्रिका अजून मीच काढते. तो प्रश्न मात्र पुन्हा कधी घातला नाही.