तज्ज्ञाने मोठा केलेला सी ड्राइव्ह

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात त्याला सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत, आणि तो टोमणा आहे हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तो डॉक्टरांचा मेव्हणा. कुठेच धड टिकेना, म्हणून बहिणीने नवऱ्याच्या मागे लागून त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत चिकटवला. डॉक्टरांना घरी ‘दाजी’ आणि दवाखान्यात ‘सर’ म्हणायचं, एवढा फरक तो कटाक्षाने पाळायचा. बाकी अक्कल बेताची, ऐट मात्र दांडगी. कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं दवाखान्यात नव्हतीच.

सर्व्हरचा सी ड्राइव्ह गच्च भरला होता आणि मशीन रडतखडत चालत होतं. त्याच डिस्कवर शेजारच्या डी ड्राइव्हमध्ये निम्मी जागा मोकळी होती. उरलेल्या निम्म्यात काचबिंदूच्या रोग्यांच्या डोळ्यांचे अकरा वर्षांचे फोटो. यंदाचा फोटो गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवला की नजर किती गेली ते डॉक्टरांना कळायचं. नोंदी ठेवणाऱ्या मावशींनी एकेक फोटो ज्याच्या त्याच्या नावावर लावला होता.

“बॅकअप आहे ना रे?” मावशींनी विचारलं.

“दर शनिवारी घेतो, मावशी. तुम्ही तुमचं बघा.”

घेत होता, खोटं नाही. पण ठेवत होता डीमध्येच. का, तर हाताशी असावा!

त्याने आधी डी लहान केला. सुटलेली जागा डीच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि सी वाढवायचं बटण काही दाबलं जाईना. सीला फक्त लागून असलेली जागाच घेता येते. म्हणजे अख्खा डी पलीकडे सरकवायला हवा. दुसऱ्याने इथे कुणाला तरी फोन केला असता. पण विचारायचं म्हणजे कमीपणा! त्याने कुठूनसा फुकटचा प्रोग्रॅम उतरवला आणि डी सरकवायला लावला. पाच तास लागतील, मध्येच बंद करू नका, असं पडद्यावर ठळक अक्षरांत आलं. हा चहा पिऊन आला तरी आकडा आपला एकतीस टक्क्यांवरच.

“हँग झालाय,” असं निदान करून त्याने मशीनचं बटण दाबून ठेवलं.

परत चालू केलं तेव्हा सी धडधाकट होता, डी उघडेना. आता बॅकअप काढावा म्हणून तो उठला, आणि तो कुठे आहे हे आठवून परत खाली बसला. बाहेरून आणलेल्या दुरुस्तीवाल्यानेही दोन दिवसांनी हात टेकले.

“सर, डिस्क जुनी झाली होती,” तज्ज्ञ म्हणाला. घरी बहिणीने त्याचीच बाजू घेतली आणि डॉक्टरांनी विषय तिथेच सोडला. एवढे शिकलेले, पण मेव्हण्यापुढे त्यांची वाचा जायची.

डी रिकामाच झाला होता, तेव्हा त्याने ती सगळी जागा सीला देऊन टाकली.

सोमवारी एक म्हातारे शिंपी तपासणीला आले. यंदाचा फोटो पडद्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला.

“बघितलंत सर, कसं पळतंय!” तज्ज्ञ मागून म्हणाला.

त्या फोटोशेजारी ठेवायला काही नव्हतं. मावशींनी मान खाली घातली.

“डॉक्टर, नजर आणखी गेली का हो?” शिंप्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, “आजोबा, गेल्या वर्षी तुम्हाला किती दिसत होतं, आठवतंय?”