मिस अर्लीनच्या घराचं गिऱ्हाईक

रेल्वेचं फाटक ओलांडलं तेव्हा निम्मी वाट सरली होती आणि शेजारच्या क्विंटनचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. अमेरिकेतल्या मेम्फिसचं ऑगस्टातलं ऊन. तो माझ्या दोन पावलं पुढं होता, पण पाय ओढत चालला होता. त्याला पोचायचंच नव्हतं.

ओसरीवरच्या एका म्हाताऱ्यानं त्याला हटकलं. "काय रे जमीनदार! माझं घर घेतोस का? बायकोसकट देतो!"

"आधी बायकोला विचारा, मिस्टर ओटिस." एरवी तो गप्पा मारायला थांबला असता. आज त्यानं मान वर केली नाही.

याच रस्त्यांवरून पोरगा वर्षभर पायी हिंडला. गाडी नव्हती. कोंबडी तळायच्या दुकानातली पाळी संपली की निघायचा. गुडघाभर गवत, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या, पेटीतून सांडणारं टपाल असं घर दिसलं की त्याचा मालक हुडकायचा. धंदा असा, की घर आपण घ्यायचंच नाही. मालकाशी भाव ठरवून कागदावर सही घ्यायची आणि तो कागद एखाद्या पैसेवाल्याला चढ्या भावानं द्यायचा. मधलं उरेल ते आपलं. फोनवर व्हिडिओतून शिकवणाऱ्या गुरूचं पहिलंच सांगणं होतं, "खिशात दमडी नाही हे बोलायचं नाही. मी घेतोय, असंच म्हणायचं."

किती दारं तोंडावर आपटली. एकीनं तर कुत्रं सोडलं. मग मिस अर्लीन टॉलिव्हर भेटली; वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी इथं 'मिस' लावतात. आजीच्या चर्चमधली, लहानपणी त्याला गाणी शिकवलेली. एकटी बाई, तिला घर विकून लेकीकडे जायचं होतं. क्विंटन म्हणाला, "मी घेतोय." तिनं कागद न वाचताच सही केली.

परकी बाई सही करून गप्प बसली असती. पण देवानं काही दिलं, की रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून सांगायची त्यांच्या चर्चमध्ये रीत आहे. मिस अर्लीन काठी टेकत उभी राहिली. "मी गिऱ्हाईक मागितलं, देवानं घरचं लेकरू पाठवलं! लोरेटाचा नातू माझं घर घेतोय!" लोक टाळ्या वाजवत उठले. आजीनं डोळ्यांना रुमाल लावला. मी घेत नाही, घेणारा शोधतोय, एवढं त्यानं तेव्हाच बोलायला हवं होतं. तो हात जोडून बसून राहिला.

पुढं हॉलिस नावाचा घेणारा घर बघायला आला. त्यानं बैठकीत पाण्याची बाटली आडवी ठेवली. ती घरंगळत थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली. पाया खचलेला. क्विंटननं छप्पर पाहिलं होतं, नळ सोडून पाहिले होते, जमीन पाहायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. हॉलिस गेला, मग बाकीचेही गेले. काल सकाळी उरलेल्या एकानंही नाही म्हटलं, तेच मिस अर्लीनला सांगायला आम्ही निघालो होतो. आजीला सांगून तिला बरोबर न्यायची छाती नव्हती म्हणून त्यानं मला, शेजारणीला, सोबत घेतलं होतं.

येत्या शुक्रवारी व्यवहार ठरलेला. मिस अर्लीनचा पलंग विकून झाला होता, ती खाली गादी टाकून झोपत होती. लेकीनं ट्रक सांगून ठेवला होता.

"गुरू काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, कागदात पळवाट आहे. एक मेसेज टाक नि नंबर बदल. कायद्यानं मी सुटतो, मिस शैला."

"सुटून जाशील कुठं?"

"तेच ना! नंबर बदलेन, आजी कुठून बदलू?" तो हसायला गेला आणि मधेच मटकन रस्त्याच्या कडेला बसला. डोकं गुडघ्यांत घातलं. "म्हातारीला मी घराबाहेर काढलं हो. तिच्याच घरात राहून ती बेघर झाली."

मनात देवाचं नाव घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तो उठला. तिच्या फाटकाशी आल्यावर पुन्हा थबकला.

"मिस शैला, एवढं करा. दार तुम्ही वाजवा. काल मी पायरीवरून परत गेलो. आणि ती 'ये बाळा' म्हणाली तरी मला आत जाऊ देऊ नका. आत गेलो की ती जेवायला वाढेल, मग माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. मला दारातच उभं ठेवा."