दगडावरचा आन्सेल्म

आमच्या मॉन्सेर्ग गावाचा सगळा इतिहास चौकातल्या दगडावर कोरलाय आणि त्यात एक ढळढळीत चूक आहे. त्या चुकीचं नाव आन्सेल्म देल्पेश. माझ्या कॅफेत खिडकीशी बसायचा, बदकाची चरबी पावावर फासून खायचा आणि डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचा, "मेलेल्याला कसलं आलंय पथ्य?"

पहिल्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला. सुटल्यावर वाटेत एका शेतावर कामाला राहिला, कारण तिथलं जेवण चांगलं होतं. घरी पत्र टाकायचा मात्र कंटाळा! शेवटी गावाने त्याला मेलेला धरलं आणि शहिदांच्या दगडावर त्याचंही नाव कोरलं. हा बाबा उगवला तो नेमका दगडाच्या उद्घाटनाला. मेयर कास्तानेत एकेक नाव वाचत होते आणि शाळेतली पोरं ओरडत होती, "फ्रान्ससाठी मेला!" आन्सेल्मचं नाव आलं आणि मागून आवाज आला, "हजर!"

त्याची आई मटकन खालीच बसली. मग उठली, आधी त्याच्या कानफटात ठेवून दिली आणि नंतर मिठी मारली.

नाव पुसायला मात्र मेयर तयार होईनात.

"अरे, शेजारच्या ओबीयाकच्या दगडावर आपल्यापेक्षा एकच नाव कमी आहे. तुझं काढलं की बरोबरी! त्या शेळ्या राखणाऱ्यांशी बरोबरी?"

"मेयरसाहेब, मला लग्न करायचंय. ओनोरीनची आई म्हणते, पोरीला लग्नाआधीच विधवा करू का?"

"तिला म्हणावं, शहीद जावई मिळतोय, तोही चालता-बोलता!"

शेवटी ओनोरीनच आईला म्हणाली, "मेलेला असला तर दारू तरी कमी पिईल," आणि लग्न करून मोकळी झाली. तिचा अंदाज साफ चुकला, हे मी गल्ल्यावर बसून सांगते.

पुढे दर नोव्हेंबरात, युद्ध संपल्याच्या दिवशी, दगडापुढे तोच तमाशा. नाव आलं की "हजर!", पोरं खिदळायची, मेयर दातओठ खायचे. समारंभानंतर आन्सेल्म विचारायचा, "यंदा तरी पुसणार?"

"पुढच्या वर्षी बघू."

मला मेयरांचा संताप यायचा. कारण एकदा आन्सेल्म मला म्हणाला होता, "बर्थबाई, त्या दगडावरची पोरं माझ्या वर्गातली. त्यांना हजर म्हणता येत नाही. त्यांच्यात बसायची मला लाज वाटते गं." एवढं बोलून त्याने आणखी पाव मागितला.

या सप्टेंबरात तो खरंच गेला.

परवाच्या समारंभात म्हाताऱ्या मेयरांनी नावं वाचायला घेतली. आन्सेल्मचं वाचलं आणि सवयीने थांबले. पोरंही थांबली. कुणाच्याच तोंडून "मेला" निघेना.

ओनोरीन पुढे झाली. "गेला हो, गेला! पण फ्रान्ससाठी नाही, बदकाच्या चरबीसाठी!"

सगळा चौक हसला. मी हसले आणि रडलेही. मेयर डोळे पुसत तिच्याजवळ गेले.

"ओनोरीनबाई, चुकलं माझं. उद्याच पाथरवट बोलावतो, नाव पुसून टाकतो."

"खबरदार हात लावाल तर!" ती दगडापुढे आडवी आली. "जन्मभर पुसलं नाहीत. आता कुठे तो त्यांच्यात बसायच्या लायकीचा झालाय, तर उठवताय होय त्याला?"