बँडमधली बाई

अमरावतीच्या बाजारात आमच्या बाबांचं हारफुलांचं दुकान होतं आणि त्याला लागून एका बँडपार्टीची खोली. आमचा आणि त्यांचा हंगाम एकच, लग्नाचा. शाळा सुटली की मी दुकानात झेंडू ओवायला बसायचे. हात फुलांत आणि कान शेजारी. त्या खोलीत भिंतीवर पितळेचे भलेमोठे वाजे टांगलेले असत, दोरीवर लाल कोट वाळत असत. माझा जीव मात्र त्या काळ्या, सडपातळ क्लॅरोनेटवर जडला होता. एवढ्याशा नळीतून माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघतो तरी कसा, हे कोडं मला काही सुचू देत नसे.

एका दुपारी, नऊ-दहा वर्षांची असेन, मी सरळ जाऊन वाजवणाऱ्या काकांना म्हटलं, "मले फुकू द्या ना एकडाव."

त्यांनी सदऱ्याच्या टोकानं तोंडाकडचा भाग पुसला आणि क्लॅरोनेट माझ्या हातात दिलं. मी गाल फुगवून फुकलं. नुसती हवा. "खालचा ओठ दातावर घे," काका म्हणाले. पुन्हा फुकलं आणि वासरू हंबरावं तसा आवाज निघाला. मी उडालेच! तेवढ्यात बाबा दारात आले. रागावले नाहीत. खरंच विचारल्यासारखं म्हणाले, "लग्नात बाजा वाजवनारी पोरगी पाह्यली का तू कोठी?"

पाहिली नव्हती. मी परत झेंडूत जाऊन बसले. पुढची दोन वर्षं पपईच्या पानाच्या पोकळ देठाची पुंगी करून शेतात वाजवत फिरले, मग तेही सुटलं. डी.एड. झालं, लग्न होऊन अकोल्याला आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवता शिकवता केस पिकले. कोणावर रुसून मी ते सोडलं, असं काही नव्हतं. दिवस भरलेले होते, एवढंच.

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मे महिन्यातली संध्याकाळ, मी गॅलरीत भेंडी चिरत बसले होते आणि आमच्या गल्लीत वरात शिरली. हल्ली वरात म्हणजे डीजे, खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्या दिवशी डीजेला परवानगी मिळाली नव्हती म्हणे, म्हणून साधा बँड होता. ढोल, झांजा, दोन-चार वाजे, आणि त्या सगळ्यांच्या वर एक क्लॅरोनेट. तो सूर वर चढला आणि माझ्या हातातली सुरी थांबली. मी गाऊनवर ओढणी घेतली, चपला घातल्या आणि खाली उतरले. ह्यांनी घरातून विचारलं, "कुठं चालली?" मी म्हटलं, "येते." ना नवरदेव ओळखीचा ना नवरी, पण मी क्लॅरोनेटवाल्याच्या मागोमाग मंगल कार्यालयापर्यंत चालत गेले.

नवरदेव आत गेला, बँडवाले पायऱ्यांवर टेकले. क्लॅरोनेटवाला साठी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस होता. बँडही त्याचाच. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काय पाह्यजे, बाई?"

"मले हे शिकायचं हाय."

त्यानं मला गाऊनपासून चपलेपर्यंत पाहिलं. मला वाटलं, हसेल. त्यानं विचारलं, "समोरचे दात शाबूत हायेत का तुमचे?"

"हायेत. सगळे."

"मंग जमते. वरचे दात याच्यावर टेकवा लागतात. कवळी असली की संपलं." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "उद्या दुपारी या. पन गाऊनवर नोका येऊ."

मी घरी पळतच आले. त्या रात्रीची भेंडी करपली आणि कोणी काही बोललं नाही, कारण मी कोणाला बोलूच दिलं नाही. सारखी मीच बोलत होते.

मास्तरांची खोली जुन्या शहरात. इतकी वर्षं मी शाळेत पोरांची बाई होते, आता मला मास्तर मिळाले, आणि फार कडक मिळाले. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला एकच सूर धरायला लावला. रीड, म्हणजे वेताची ती पातळ पट्टी, आधी जिभेवर भिजवायची, मग बसवायची, मग श्वास पोटातून. खालच्या ओठाला आतून फोड आले. सगळ्या क्लॅरोनेटचा भार पेलून उजवा अंगठा सुजला. एखादं बोट छिद्रावरून केसभर सरकलं की आतून अशी किंकाळी फुटायची की मास्तर कान धरायचे. "बोटाची पेरं पाहू नोका, बाई. आयका. कान काहून देला देवानं?"

घरी मी सकाळी गच्चीवर मास्तरांनी दिलेल्या एका जुन्या क्लॅरोनेटवर सराव करायचे. तिसऱ्या दिवशी खालच्या वहिनींनी ह्यांना गाठून विचारलं, "भाऊ, तुमी बकरी पाळली काय?" एसटीच्या वर्कशॉपात जन्म घालवलेला माणूस, आवाजाला भिणार नाही अशी माझी समजूत होती. पण ह्यांनी शांतपणे दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि पेपर वाचत बसले. महिनाभरानं मात्र एका सकाळी गच्चीवर आले, एका कानातला बोळा काढून उभे राहिले आणि म्हणाले, "आता गानं वाटून राहिलं थोडंसं." मला इतका आनंद झाला की मी तीच ओळ सात वेळा वाजवली. सहाव्या वेळी बोळा परत कानात गेला.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि लग्नांचा हंगाम सुरू झाला. मला चार गाणी येत होती, पाचवं अर्धं. एक दिवस मास्तर म्हणाले, "रविवारी अमरावतीची वरात हाये. माह्या जोडीला वाजवनारा, त्याच्या पोरीचं लगन जमलं, तो साक्षगंधात अडकला. येता काय?"

"मी? वरातीत?"

"मंग काय गच्चीवरच वाजवता काय जल्मभर?"

रविवारी दुपारी आमचा टेम्पो मूर्तिजापूर मागे टाकून अमरावतीला लागला. ढोलावर पाय ठेवून मी दाटीवाटीत बसले होते आणि छाती अशी धडधडत होती की ढोलाला ऐकू जावी. उतरल्यावर मास्तरांनी गाठोड्यातून लाल कोट काढून दिला. खांद्यावर सोनेरी झालर, बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे. मी त्या दुमडल्या, साडीवर कोट चढवला, डोक्यावर टोपी ठेवली. टेम्पोच्या आरशात पाहिलं आणि स्वतःलाच हसू आलं. भीती होती, नाही असं नाही, पण भीतीपेक्षा घाई जास्त होती. कधी एकदा सुरू होतं!

आणि वरात नेमकी बाजारातून निघाली. मास्तरांनी मान हलवली, ढोल वाजला, मी श्वास भरला. पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. पोरं घामाघूम होऊन नाचत होती, कडेच्या बाया एकमेकींना माझ्याकडे बोट करून दाखवत होत्या. तिसऱ्या गाण्यात आमचं दुकान आलं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो हार घेऊन दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि गरकन परत पाहिलं.

"ताई?"

तोंडात क्लॅरोनेट, मी काय उत्तर देणार! फक्त भुवया उडवल्या. तेवढ्यात बोट सरकलं आणि भर गाण्यात ती जुनी किंकाळी फुटली.  पण नाचणारी पोरं "ओऽऽ" करून ओरडली. त्यांना वाटलं, मुद्दाम केलं! "पुन्हा! पुन्हा!" मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग स्वतःच्या क्लॅरोनेटवर तश्शीच एक किंकाळी काढून मला जबाब दिला. मी पुन्हा काढली. त्यांनी पुन्हा. नवरदेव घोड्यावरून वाकून पाहू लागला. अकोल्यात सहा महिने ज्या आवाजासाठी बोलणी खाल्ली, त्याच्यावर अमरावतीची पोरं बेभान नाचत होती.

भाऊ दुकान उघडं टाकून आमच्याबरोबर चालत निघाला. एका हातात मोबाइल वर धरलेला, आणि दिसेल त्याला सांगतोय, "हे माही बहीन हाये! क्लॅरोनेटवर! माही सख्खी बहीन!" ते ऐकून माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की श्वास तुटतो, म्हणून मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं. चारही गाणी मी पुरी वाजवली. पाचवं, अर्धं येणारं, तेही मास्तरांच्या मागे मागे रेटलं.

लग्न लागलं, पंगती उठल्या, मग आम्ही बसलो. माझे ओठ इतके बधिर झाले होते की वरण तोंडात कमी आणि कोटावर जास्त गेलं. बँडमधल्या कोणालाच एकमेकांची नावं लागत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. ढोल झांजेला मीठ मागत होता, झांज ढोलाला पाणी देत होती. मी हात धुवायला उठणार, तोच समोरून मास्तरांनी बुंदीची बादली माझ्याकडे सरकवली.

"ओ क्लॅरोनेट," ते म्हणाले, "घ्या ना अजून."

मी दोन मुठी घेतल्या.